आधी रिकामी सीट मोज

चि...,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा आराखडा दोन्ही वाचलं. सांगली, मिरज, कुपवाडची माणसं एकमेकांच्या मोटारीतून कामाला जातील, तुझं ॲप त्यांची गाठ घालून देईल आणि पेट्रोल वाचेल, असं तू लिहिलं आहेस. गाठ पडेल. पेट्रोल वाचेलच असं मात्र मला वाटत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

एसटीत आमची सगळी चर्चा भारमानाभोवती, म्हणजे गाडीतल्या किती सीट भरल्या याभोवती, फिरायची. गाडी किती किलोमीटर धावली हा अर्धाच हिशेब, त्यातल्या किती सीटवर माणूस होता हा उरलेला. तूही तोच हिशेब लाव. एका लिटरात किती प्रवासी-किलोमीटर, म्हणजे माणसं गुणिले किलोमीटर, पडतात ते बघ. ढोबळ आकडे घेऊ. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर जाते, मोटार १५ आणि एसटी साडेचार. एकटा दुचाकीस्वार म्हणजे ५०, मोटारीत एकटा साहेब म्हणजे १५. एसटीत ४० माणसं असली तर १८०. पण त्याच एसटीत दहाच जण असले तर ४५, म्हणजे एकट्या दुचाकीपेक्षाही कमी! त्यात डिझेलच्या लिटरात पेट्रोलपेक्षा ऊर्जा थोडी जास्तच असते, तेव्हा बसचं पारडं आणखी हलकं होतं. बस लाल आहे म्हणून तिच्यात पुण्य नसतं.

आता तुझी मोटार घे. चार माणसं भरून ६०. सकाळच्या वेळी सांगलीत विश्रामबागला उभी राहा आणि रस्ता बघ. आपल्याकडचा लोंढा दुचाकींचा आहे. चार दुचाकीवाले उठवून तू एका मोटारीत बसवलेस तर ५० चे ६० झाले, आणि चौघांना गोळा करायला मोटार चार गल्ल्या फिरली की वरचे दहाही गेले. हेच एका दुचाकीवर दोघं बसले तर शंभराच्या आसपास जातं. पुण्या-मुंबईचा आराखडा जसाच्या तसा सांगलीला लागू होत नाही तो इथं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तुझ्या मोटारीत बसणारा माणूस आधी कशाने जात होता? मोटारीने एकटा जात असेल तर चांगलंच झालं. पण तो सांगली-मिरज सिटी बसमधून उठून आला असेल, तर ती बस त्याच्यावाचूनही तेवढंच डिझेल जाळत मिरजेला जाणार. तुझ्या खात्यावर वाचलेलं इंधन दिसेल, रस्त्यावर मात्र काहीच वाचलेलं नसेल. अशी चाळीसातली पंधरा-वीस माणसं गेली की भारमान पडतं, भारमान पडलं की फेरी बंद करायची भाषा सुरू होते. फेरी बंद झाली की पासवर कॉलेजला येणाऱ्या पोरी अडकतात आणि त्यांचे वडील कर्ज काढून स्कूटी घेतात.

उलटंही होतं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि गाड्यांत त्यांची गर्दी वाढली. काही जणांनी नाकं मुरडली, की या उगाच फिरतात. फिरू देत की! गाडी जाणारच असते, रिकाम्या सीटवर एक माणूस बसल्याने डिझेल नावापुरतंच वाढतं. इंधन वाचवायचा भार ज्यांनी आधीच कमी प्रवास केला त्यांच्यावर टाकायचा नसतो.

मग तू काय करावंस? माझं ऐकशील तर सुरुवात कुपवाड एमआयडीसीच्या रात्री सुटणाऱ्या दुसऱ्या पाळीपासून कर. दिवसा वडाप म्हणजे शेअर जीप मिळते, बस मिळते. ही पाळी सुटते तेव्हा काहीच नसतं. त्या एका परतीसाठी माणूस दुचाकी घेतो, आणि एकदा दारात दुचाकी आली की तो कोपऱ्यावरच्या दुकानातही तिच्यावरूनच जातो. परतीची खात्री मिळाली तरच जातानाची बस भरते. तिथं वेळ एक, गेट एक, माणसं रोजची तीच. चार-पाच कारखान्यांनी मिळून परवान्याची एक मिनीबस लावली तर तुझ्या ॲपचं काम एवढंच, की आज कोण येणार नाही ते ड्रायव्हरला आधी कळावं. पाळीवरच्या बायकांना विचारल्याशिवाय थांबे ठरवू नकोस. दिवा कुठं आहे आणि कुठं नाही ते त्यांना पाठ असतं.

पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडं घेऊन माणसं नेणं मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे परवान्याशिवाय सरसकट चालत नाही. आराखड्यात त्याचा उल्लेखही नाही. आरटीओत जाऊन सध्याचे नियम लेखी घे.

शिवाय काही फेऱ्या मुळातच नको असतात. जत तालुक्यातल्या उमदीच्या माणसाला सांगलीच्या कार्यालयात यायचं म्हणजे एका बाजूने शंभराहून जास्त किलोमीटर, आणि साहेब मीटिंगला गेले म्हणून परत जायचं. अशा माणसाला चांगली बस देण्यापेक्षा त्याचा कागद उमदीतच घेतला तर सगळंच वाचतं. हे तुझ्या ॲपचं काम नाही, पण तुझ्या विषयातलं आहे.

पुढच्या महिन्यात वही घेऊन थांब्यांवर जा. प्रत्येकाला एकच विचार, ही सोय नसती तर कसे गेला असता? दुचाकी, मोटार, बस, वडाप, पायी आणि ‘गेलोच नसतो’, असे रकाने पाड. शेवटचा रकाना गाळू नकोस. आणि नुसतं पावसाळ्यात मोजून थांबू नकोस, उसाचा हंगाम लागला की रस्ते आणि वेळा दोन्ही बदलतात, तेव्हा पुन्हा मोज. आकडे हातात आले की पाठव, गाड्या किती लागतील ते तेव्हा मांडू.

तुझा,
काका