सेवा की सहल?

प्रश्न: ताई, मी एकवीस वर्षांची, नाशिकला टी.वाय.बी.कॉम.ला आहे. आमच्या चर्चच्या तरुण संघाचे आम्ही बारा जण मे महिन्यात दहा दिवसांसाठी केनियाला, मोंबासाजवळच्या एका ख्रिस्ती मंडळीकडे सेवेसाठी चाललो आहोत. शाळेची भिंत रंगवायची आणि मुलांची व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, घ्यायची. माणशी खर्च लाखाच्या आसपास. निम्मा घरून, निम्मा वर्गणीतून. रविवारी उपासनेनंतर मी दारात पेटी घेऊन उभी होते. एका शाळेत आया असलेल्या आजींनी दोन हजार टाकले, म्हणाल्या, ‘माझ्या वाटचंही एक गाणं शिकव गं पोरांना.’ त्याच संध्याकाळी कार्यक्रम हातात आला. शेवटचे दोन दिवस त्सावोच्या अभयारण्यात सफारी! वर्गणीच्या आवाहनपत्रात तिचा उल्लेखच नाही. खोटं कशाला बोलू, मलाही सफारीला जायचंय. पण तेव्हापासून झोप नाही. पप्पा म्हणतात, ‘सेवाच करायची तर पेठ-सुरगाण्याला जा, एसटी जाते.’ मम्मीचं म्हणणं, पासपोर्टवर एकदा शिक्का बसला की पुढचं सोपं. ही सेवा की सहल? नाव मागे घेऊ का?

उत्तर: नाव मागे घेऊ नकोस. या वयात समुद्रापलीकडचा देश बघावासा वाटला तर त्यात पाप कसलं? तुला खुपतंय ते आवाहनपत्र, आणि ते खुपायलाच हवं. आजींनी पैसे दिले ते गाण्यासाठी. ‘दोन दिवस हत्तीही बघणार आहोत’ असं सांगितलं असतं तरी त्यांनी दिले असते, कोण जाणे, हसून जास्तच दिले असते. पण ते ठरवायचा हक्क त्यांचा होता.

म्हणून येत्या रविवारच्या आत संघाच्या सेक्रेटरीला बरोबर घे आणि पाळकसाहेबांना भेट. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षर लिहू नकोस. मूळ मुद्दा राहील बाजूला आणि कोण कुणाला काय बोललं यावरच आठवडा जाईल. सफारीचा खर्च ज्याचा त्याने करायचा, हे उपासनेत सूचना वाचतात तेव्हा सगळ्यांसमोर सांगायचं, कुणाला पैसे परत हवे असतील तर मुकाट्याने द्यायचे आणि आल्यावर हिशोब चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीपुढे ठेवायचा. एवढंच मागणं. ‘अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी?’ असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे.

मला मात्र सफारीपेक्षा तुझ्या पत्रातला मे महिना जास्त खटकला. मे म्हणजे आपली सुट्टी. मोंबासाच्या किनाऱ्यावर तो भर पावसाचा महिना, वर्षातला सगळ्यात ओला. शिवाय तिथल्या शाळांचं दुसरं सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं. म्हणजे तुम्ही धो धो पावसात भिंत रंगवणार आणि शाळा चालू असताना सुट्टीतली बायबल शाळा भरवणार! हा बेत तिथल्या कुणी आखला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. तिथले पाळक ‘येऊ नका’ म्हणणार नाहीत. दारात आलेल्या पाहुण्याला आपण तरी म्हणतो का? पाहुणे गेल्यावर भिंतीला पुन्हा एक हात मारून घेतात, झालं.

आणि सुवार्ता सांगायला जात असाल, तर २०१९च्या जनगणनेप्रमाणे केनियात दर दहा माणसांत आठांहून जास्त ख्रिस्तीच आहेत. मोंबासाच्या बाजूला मुस्लीम वस्ती बरीच, पण तुम्ही ज्या मंडळीकडे उतरणार तिथल्या आजीबाई तुम्हालाच चार वचनं जास्त ऐकवतील.

खरं तर नाशिक आणि मोंबासाचं नातं जुनं आहे. तुमच्या संघात किती जणांना ते ठाऊक आहे कुणास ठाऊक. अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं मुंबईला उतरवली जायची आणि त्यांतली बरीच आपल्या नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात वाढली. लोहारकाम, सुतारकाम शिकली. १८६४पासून त्यांच्यातले काही मोंबासाजवळ राबाईला गेले. पुढे १८७५च्या सुमारास सुटका झालेल्या गुलामांसाठी मोंबासाशेजारी फ्रीअर टाऊन वसलं, तेव्हा तिथे उभं राहायला इथलीच माणसं लागली. याच शरणपूरचा जेकब वेनराइट. १८७३मध्ये आफ्रिका पालथी घालणाऱ्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचा तिथेच मृत्यू झाला तेव्हा प्रार्थना त्याने वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानेच कोरली. ही माणसं दहा दिवसांसाठी गेली नव्हती. कित्येकांचा जन्म तिथेच गेला. हे तुम्हाला कमी लेखायला सांगत नाही. जायच्या आधी एका शनिवारी संघाने शरणपुरात बसून हा इतिहास समजून घ्यावा. मग तुमच्याकडे तिथल्या लोकांना विचारायलाही काही असेल. फ्रीअर टाऊनचे वंशज अजून त्या भागात आहेत.

तर पाळकसाहेबांमार्फत तिथल्या मंडळीला साधं पत्र जाऊ दे: आमचा उपयोग कशाला होईल, कोणत्या महिन्यात यावं, आणि काहीच काम नसेल तर नुसतं राहायला, तुमच्याबरोबर गायला आलो तर चालेल का? ऑगस्टमध्ये त्यांच्या शाळांना सुट्टी असते. तिकीट बदलायला पैसे पडतील, तुझं कॉलेज बुडेल, सगळं खरं. कदाचित उत्तर येईल, भिंतीचं राहू द्या, रंगाऱ्याची मजुरी पाठवा. तसं आलं तर मजुरी पाठवा आणि पाहुणे म्हणून जा. फक्त मग वर्गणीच्या पत्रातही तसंच लिहा. वर्गणी थोडी कमी जमेल.

पप्पांचं काय? टोमणा आहे, पण अर्धा खरा आहे. पेठ नाशिकपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. उन्हाळ्यात तिकडच्या पाड्यांवर बायका विहिरीच्या तळातून वाटी-वाटीने पाणी भरतात. पप्पांना म्हण, ‘चला, एका रविवारी दोघं जाऊ.’ बघू एसटीत किती उत्साहाने चढतात! आणि तिथेही आधी विचारायचंच, तुम्हाला काय हवंय. आदिवासी पाडा म्हणजे आपल्या पुण्यकर्माची शाळा नव्हे. मम्मींच्या शिक्क्याबद्दल मी काय बोलू? आई आहे, तिला मुलीचं पुढचं दिसतं.

केनियात गेल्यावर एक सांभाळ. मुलं दुसऱ्या दिवशीच बिलगतात, चौथ्या दिवशी कुणीतरी तुझी ओढणी सोडत नाही. ‘पुढच्या वर्षी येईन हं’ असं बोलून जाऊ नकोस. ते पोर दिवस मोजत बसतं. पोरांना कडेवर घेऊन काढलेले फोटो इन्स्टावर टाकायचे असतील तर आधी त्यांच्या आईबापांना विचार. तुझ्या धाकट्या भावाचा फोटो कुणा अनोळखी पाहुण्याने न विचारता टाकला तर मम्मी काय करतील, ते डोळ्यांपुढे आण.

कागदपत्रांचं संघ बघेलच, तरी तू स्वतः खात्री कर. जानेवारी २०२४पासून केनियाला व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना काढावा लागतो. त्यात भेटीचं कारण जे असेल तेच लिहा. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि दाखला पासपोर्टबरोबर ठेवायचा. तो नसेल तर परत येताना मुंबई विमानतळावरूनच सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. किनाऱ्यावर मलेरिया आहे, गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कर आणि परत आल्यावरही ते सांगतील तितके दिवस घे. पोरं घरी पोचली की पहिली हीच गोष्ट सोडतात.