‘फंकी’ला मराठीत काय म्हणायचं? गढूळ, विरलेला आणि वशाट

एका वाचकाचा प्रश्न आहे. ते स्लाय अँड द फॅमिली स्टोन या अमेरिकन फंक बँडच्या ‘देअर्ज अ रायट गोइन ऑन’ या १९७१ च्या अल्बमवर मराठीत लिहितायत. ऐकणारे या अल्बमबद्दल ‘फंकी’, ‘मडी’, ‘मर्की’, ‘लूज’ हे शब्द वापरतात आणि बहुतेक वेळा कौतुकानेच. ‘मडी’ला त्यांनी ‘गढूळ’ लिहिलं, तर मित्र म्हणाला, हे नावं ठेवल्यासारखं वाटतंय. मग काय लिहावं? आणि ‘फंकी’ला मराठी शब्द आहे का?

मित्राला खटकलं ते बरोबरच, पण मला ते वेगळ्या कारणाने खटकतं. नावं ठेवणारे शब्द कौतुकाला वापरायची आपल्याला सवय आहे. ‘बेक्कार गायला’, ‘भयंकर आवडलं’ हे आपण दिवसभर बोलतो आणि कोणी गैरसमज करून घेत नाही. ‘गढूळ’ची अडचण त्याच्या अर्थामध्येच आहे. गढूळ म्हणजे ढवळलेलं. तळाशी गाळ होता, कोणी पाय घातला, पाणी गढूळ झालं. हंड्यात तुरटी फिरवून रात्रभर ठेवलं की सकाळी निवळतं. म्हणजे ‘गढूळ’ म्हणताना एक नितळ पाणी आपण धरूनच चालतो, ते फक्त सध्या दिसत नाही इतकंच. या अल्बमचा आवाज निवळणारा नाही. त्यातला नितळपणा गाळाखाली दडलेला नाही, तो झिजून गेलाय.

कसा, ते थोडं सांगतो, कारण शब्द तिथूनच सापडतो. १९६९ च्या ‘स्टँड!’पर्यंत हा बँड म्हणजे उजळ, मोकळ्या गळ्याचा, सगळ्यांनी मिळून गायचा मामला होता. वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात लोकांना नाचवलं ते त्याच सुरांत. पुढचा अल्बम, म्हणजे ‘रायट’, करताना बँडचा म्होरक्या आणि गायक स्लाय बराचसा एकटाच वाजवत बसला. एक वाद्य भरायचं, त्यावर दुसरं, मग पहिलं पुसायचं, पुन्हा भरायचं. टेप दर वेळी यंत्राच्या हेडवरून घासत जाते आणि तिच्यावरचा चुंबकीय लेप थोडा थोडा निघत राहतो. आधी जातात ते वरचे बारीक आवाज: झांजेची धार, ‘स’ आणि ‘श’ची टोकं, तारेचा झणकार. खाली उरतो खर्ज आणि त्याच्यावर बारीक खरखर.

हे मला कुठल्या तांत्रिक पुस्तकाआधी आमच्या घरच्या कॅसेटने शिकवलं. वडिलांनी रेडिओवरून नाट्यपदं भरून घेतली होती. ती कॅसेट मामाकडून आलेल्या डबल डेकवर काकांसाठी उतरवली, काकांच्या कॅसेटवरून आत्याची झाली, आणि वडिलांची मूळ कॅसेट डेकने खाल्ल्यावर आम्ही आत्याच्या कॅसेटवरून पुन्हा आपली केली. पेन्सिल घालून गुंडाळलेली ती चौथी प्रत वर्षानुवर्षं वाजली. तबल्याची चाट ऐकू यायची नाही, डग्गा मात्र घरभर घुमायचा. आई म्हणायची, ‘विरलीये रे ती आता.’ लुगड्यासाठी वापरतात तो शब्द. धुऊन धुऊन कापड पातळ होतं, रंग एकमेकांत जातात, उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं, पण अंगाला लागतं तेव्हा नव्या कापडाहून मऊ लागतं. गोधडीला तेच घेतात.

म्हणून ‘मडी’साठी माझा पहिला शब्द ‘विरलेला’. ‘या अल्बमचा आवाज विरलेला आहे’ असं लिहा. त्यात दोष आहे, कारण आहे आणि मायाही आहे, आणि तक्रार करणारे व कौतुक करणारे दोघेही त्यात मावतात. या अल्बमच्या श्रोत्यांत ही दोन टोकं पहिल्यापासून आहेत. एकाला वाटतं, ध्वनिमुद्रण बिघडलंय, आधीचा तजेला गेला, गाणी अर्धवट सोडल्यासारखी आहेत. दुसऱ्याला वाटतं, बिघडलंय हेच खरं, कारण दिवसच तसे होते: साठच्या दशकातली आशा ओसरलेली, बँड आतून विस्कटत चाललेला, स्लाय नशेच्या आहारी गेलेला. गंमत म्हणजे वाद्यं आणि सूर यांबद्दल दोघेही जवळपास तेच सांगत असतात. फरक पडतो तो शब्दाच्या चढउतारात.

‘मातकट’ही सुचेल, पण तो रंगाला आणि चवीला शोभतो. विहिरीचं पाणी मातकट लागतं. आवाजाला लावला की उगाच पहिल्या पावसाचा वास येतो, आणि या अल्बममध्ये पाऊस नाही.

शब्द जरा अधिक नेमका हवा असेल तर मिरजेकडे वळावं. तंबोरे-सतारी बनवणारे कारागीर घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात तिच्या) पृष्ठभागाला जो अगदी सूक्ष्म उतार देतात, त्यावर तारेचा झणकार ठरतो. ती जवारी. खुल्या जवारीत वरचे स्वरांश भरपूर निघतात, आवाज पसरट आणि चमकदार होतो. बंद जवारीत ते दबतात आणि आवाज गोल, आतल्या आत राहतो. ‘स्टँड!’ खुल्या जवारीचा आणि ‘रायट’ बंद जवारीचा, असं म्हटलं तर शास्त्रीय संगीत ऐकणारा मराठी वाचक लगेच मान डोलावेल. एकच भेद लक्षात ठेवायचा. कारागीर जवारी ठरवून बंद करतो. स्लायने किती ठरवलं आणि किती आपोआप झालं, यावर वाद घालायला ऐकणाऱ्यांना आजही आवडतं.

‘मर्की’ आवाजापेक्षा वातावरणाला लागतो. तिथे ‘काळोखी’ किंवा ‘झाकोळलेलं’ चालेल. स्लायच्या गळ्यासाठी मात्र माझ्याकडे एकच शब्द आहे: पेंगुळलेला. याच अल्बममधलं ‘फॅमिली अफेअर’ लावून बघा. ध्रुवपद त्याची बहीण रोझ गाते, स्वच्छ, नेहमीच्या घरगुती आवाजात. मग स्लाय येतो तो इतका खाली आणि माइकच्या इतका जवळ की नुकता उशीवरून डोकं उचलून बोलतोय असं वाटावं. त्याला ‘घोगरा’ म्हणू नका, घोगरेपणात जोर असतो. ‘धुंद’ तर मुळीच नको. त्या शब्दाला आपल्या भावगीतांनी इतकं अत्तर लावून ठेवलंय की तो दुसरीकडे नेता येत नाही.

आता ‘फंकी’. आधी इशारा: मराठीत ‘फंकी’ आलेलाच आहे, पण कपड्यांच्या दुकानातून. फंकी शर्ट म्हणजे भडक, फंकी चष्मा म्हणजे गुलाबी काचांचा. आजीसमोर म्हटलंत तर तिला ओव्याची फक्की आठवेल. त्यामुळे ‘फार फंकी अल्बम आहे’ असं नुसतं लिहिलंत तर निम्मे वाचक मुखपृष्ठ बघायला जातील. (मुखपृष्ठावर अमेरिकेचा झेंडा आहे, ताऱ्यांच्या जागी सूर्य आणि निळ्याच्या जागी काळा. त्या अर्थाने फंकी म्हणता येईलही.)

मूळ अर्थ वासाचा. इंग्रजीत सतराव्या शतकात ‘फंक’ म्हणजे कोंदलेला दर्प, विशेषतः तंबाखूच्या धुराचा. तो फ्रेंच बोलीतून आला आणि मागे लॅटिनमधल्या धूर या अर्थाच्या ‘फ्यूमस’पर्यंत पोचतो, असं बहुतेक कोशकार मानतात. तो ‘फ्यूमस’ आणि आपला संस्कृत ‘धूम’ सख्खी भावंडं. कोल्हापूरकडची मंडळी भारी काही दिसलं की ‘जाळ आणि धूर संगटच’ म्हणतात, तेव्हा त्यांना ठाऊक नसतं की ते अर्धं फंकच बोलतायत. दुसरा एक धागा आफ्रिकेतून येतो. कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी किकोंगो भाषेतल्या ‘लु-फुकी’कडे बोट दाखवलं. त्याचा अर्थ अंगाचा वास, आणि तो तिथे कष्टाने नावारूपाला आलेल्या माणसाच्या कौतुकाला वापरतात. दोन्ही धागे एकत्र पिळले गेले असतील तर नवल नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लीन्समध्ये बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवादक ‘फंकी बट’ नावाची चीज वाजवायचा. विषय हाच: कोंदट हॉल, खच्चून भरलेले नाचणारे, घाम, आणि कोणीतरी खिडकी उघडा रे.

म्हणजे आधी दर्प, मग तो दर्प जिथे असतो ती जागा, मग तिथलं संगीत, आणि शेवटी त्या संगीताचं कौतुक. असा प्रवास केलेला शब्द मराठीत आहे का? आहे. वशाट.

वशट किंवा वशाट म्हणजे मांस-मच्छीचा उग्र दर्प. तोच शब्द खाण्याचं नाव झाला. ‘आज वशाटाचा बेत आहे’ असं म्हणणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं असतं. सुके बोंबील निखाऱ्यावर टाकले की शेजारची खिडकी धाडकन बंद होते आणि त्याच क्षणी आपल्या घरात ताटं मांडली जातात. वास एकच. ज्याच्या नाकाला तो झोंबला त्याने शब्द केला आणि ज्याच्या ताटात ते पडतं त्याने तो बिनदिक्कत उचलला. ‘फंक’चं काळ्या अमेरिकेत हेच झालं. यात जातीपातीचा आणि वर्णाचा जो भाग आहे तो दोन्हीकडे आहे, आणि तो गाळून या शब्दांबद्दल बोलण्यात काही राम नाही.

तर मग ‘वशाट अल्बम’ लिहावं का? नका लिहू. वाचक हसेल आणि पुढचं वाचणार नाही. पण लेखात एकदा ही तुलना द्या आणि पुढे ‘फंक’ तसाच ठेवा. विशेषण हवंच असेल तर ‘मुरलेला’ बघा. लोणचं मुरतं, गवई मुरतो, आणि दोन्हींत वेळ आणि खार लागतो. ‘रांगडा’ हा फंकचा पाया घालणाऱ्या गायक जेम्स ब्राउनला ठीक, इथे नाही. ‘रायट’मध्ये रग नाही, थकवा आहे.

‘लूज’ला ‘ढिला’ नको, ‘सैल’ घ्या. ढिला म्हणजे आवळायचा राहिलेला, सैल म्हणजे हवा तितकाच सोडलेला. जेम्स ब्राउनचा बँड आवळलेल्या ढोलकीसारखा होता. चुकलेल्या वादकाला तो दंड करायचा. पहिल्या मात्रेवर त्याचा सगळा भर, तिला ते ‘द वन’ म्हणतात. मराठीत याला ‘सम’ म्हणण्याचा मोह होतो आणि बऱ्याच जणांनी तो आवरलेला नाही. मात्रा तीच आहे, पण सम ही आपल्याकडे पोचायची जागा आहे. गवई फिरून येतो, आपण वाट बघतो, तो येतो आणि माना डोलतात. ‘द वन’ ही निघायची जागा आहे. तिथून ढकलून द्यायचं आणि उरलेल्या मात्रांत सगळ्यांनी एकमेकांच्या फटी भरायच्या. ‘समेवर जोर’ असं लिहिलं तर चालेल, ‘समेवर येणं’ लिहिलं की चुकलं.

या अल्बमपुरतं एक उदाहरण फारच सोयीचं आहे. या बँडचं ‘थँक यू’ हे आधीचं नाचतं गाणं १९७० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. तेच ‘रायट’च्या शेवटी येतं, ‘थँक यू फॉर टॉकिन टु मी आफ्रिका’ या नावाने, निम्म्याहून सावकाश वाटावं इतकं रेंगाळत. शब्द बरेचसे तेच, अर्थ मात्र पालटलेला. ‘स्लो व्हर्जन’ कशाला लिहायचं? तीच बंदिश विलंबितात घेतली असं लिहा, मराठी कानाला सगळं कळतं.

ठेक्याचंही तसंच. अल्बममध्ये बऱ्याच ठिकाणी ड्रमवाल्याच्या जागी ‘ऱ्हिदम किंग’ नावाचं यंत्र आहे, स्लाय त्याला ‘फंक बॉक्स’ म्हणायचा. हे शब्दशः ‘फंकची पेटी’ केलंत तर हार्मोनियम डोळ्यांपुढे येईल. आपल्याकडे रियाजाला लावतात त्या विजेवरच्या तबल्याची आठवण करून द्या. तो अविचल त्रिताल मैफलीत आणायचं धाडस कोणी करणार नाही. स्लायने आणलं, आणि त्या न चुकणाऱ्या टकटकीवर माणसांना सैल वाजवायला लावलं. ज्यांना हा अल्बम आवडत नाही त्यांची निम्मी तक्रार याच यंत्राबद्दल असते, आणि ज्यांना आवडतो त्यांना ते काढून टाकलेलं चालणार नाही.

जाता जाता नावाबद्दल. ‘रायट’ला वर्तमानपत्री ‘दंगल’ नको, ‘दंगा’ बरा. दंगा पोलीस मोडतात आणि दंगा घरात पोरंही घालतात, इंग्रजी शब्दातही असे दोन्ही अर्थ आहेत. शीर्षकगीत म्हणून जे छापलं होतं त्याची लांबी शून्य मिनिटं शून्य सेकंद होती. दंगे होऊच नयेत असं वाटत होतं म्हणून, असं स्लायने पुढे सांगितलं. ‘दंगा चाललाय’ असं नाव आणि खाली निखळ शांतता. इथे भाषांतराला करण्यासारखं काही उरत नाही.

राहता राहिला एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण तिसऱ्या वाक्याला अडेल: ‘फंक’चं लिंग. मी ‘जॅझ’ आणि ‘रॉक’प्रमाणे पुल्लिंगी धरतो: ‘सत्तरच्या दशकातला फंक’. माझी भाची ‘ते फंक’ म्हणते आणि तिच्या वयाचे बहुतेक जण तसंच म्हणतात. दोन्ही चालेल, फक्त एका लेखात एकच ठेवा.