मॉर्फिनची सवय लागेल का?

“मॅडम, बाबांना याची सवय तर लागणार नाही ना?” मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या अफूपासूनच्या औषधाचं, नाव निघालं की नातेवाईक हे विचारतातच. पण एकदा हीच भीती आमच्याच इंटर्नने केसपेपरवर लिहिली होती: ‘वेळेआधी गोळी मागतात. ॲडिक्शनची शंका.’

पेशंट साठी ओलांडलेले शेतकरी. तोंडाचा कॅन्सर जबड्याच्या हाडात गेलेला. गोळ्यांच्या वेळा सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. अकरा वाजले की काकांची नजर घड्याळावर. सिस्टर दिसली की गालाला रुमाल दाबून खूण करायचे.

मी इंटर्नला म्हटलं, “साधी मॉर्फिनची गोळी किती तास पुरते?”

“चार.”

“मग दहा ते दोन त्यांनी काय करायचं?”

ती गप्प झाली. तिचा दोष नव्हताच. आपल्याकडे व्यसन शिकवतात मानसोपचारवाले, वेदना शिकवतात भूलतज्ज्ञ. दोन्ही एकत्र बघायची वेळ येते ती थेट वॉर्डात. त्यात १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीने कित्येक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीने परवान्याचं काम सोपं झालं, पण डॉक्टरांच्या मनातली धास्ती गेली नाही.

डॉक्टरांनी गोळी दर चार तासांनी केली. दोनेक दिवसांत काकांचं मागणं थांबलं. मग मी इंटर्नला त्यांच्याशीच बोलायला बसवलं, कारण व्यसन म्हणजे काय हे त्यांच्याइतकं वॉर्डात कुणालाच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं तंबाखू!

“पोरी,” ते म्हणाले, “तोंडात जखम झाली तरी चंचीकडे हात जायचा. बायको रडायची, तरी जायचा. या गोळीचं तसं नाही. ठणका थांबला की तिची आठवणपण येत नाही.”

नुकसान दिसत असूनही हात न थांबणं, हे व्यसन. औषध अचानक तोडल्यावर घाम, जुलाब, अस्वस्थता होणं ही शरीराला झालेली सवय. ती डोस हळूहळू उतरवून सोडवता येते. इंटर्नच्या डोक्यात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली होती.

अर्थात भीती अगदीच निराधार नाही. अमेरिकेत १९९६ला ऑक्सिकॉन्टिन हे मॉर्फिनच्याच जातीचं वेदनाशामक आलं, जुन्या पाठदुखीलाही सर्रास दिलं गेलं आणि पुढे त्याने घरंच्या घरं उद्ध्वस्त केली. म्हणून दारू, तंबाखू, घरातली व्यसनं यांची चौकशी आधी करायची. पण त्या उत्तरांवरून कॅन्सरच्या पेशंटची गोळी तोडायची नाही, लक्ष वाढवायचं.

काकांच्या मुलाला मी तीनच गोष्टी सांगितल्या. गोळ्या कुलपात ठेवा. मनाने एकदम बंद करू नका. आणि पोट साफ व्हायचं औषध चुकवू नका, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता जवळपास सगळ्यांनाच होते. त्याबद्दल मात्र मला कुणीच विचारत नाही.