'साभार' लिहिलं की परवानगी मिळाली का?

प्रश्न : सोसायटीच्या स्मरणिकेत एका कवीची पूर्ण कविता छापायची आहे. खाली 'साभार' लिहिलं तर पुरेल का? 'साभार', 'सौजन्य' आणि 'परवानगीने' यांत नेमका फरक काय?

पुरणार नाही. का पुरणार नाही, ते त्या शब्दाच्या वापरातच दिसतं.

साभार म्हणजे स + आभार, आभारांसह. मासिकांच्या जगात या शब्दाच्या दोन जागा ठरलेल्या. अभिप्रायासाठी आलेल्या पुस्तकांच्या यादीवर 'साभार पोच' आणि नाकारलेल्या लेखावर 'साभार परत'. दोन्हीकडे समोरच्याने आधी काहीतरी आपणहून पाठवलेलं असतं, त्याचे हे आभार. तुम्ही कविता पुस्तकातून टाइप करून घेतली किंवा व्हॉट्सॲपवरून उचलली, तर कवीने तुमच्याकडे काहीच पाठवलेलं नाही. मग आभार कशाचे?

व्याकरणाचंही एक सांगतो. 'साभार' हे क्रियाविशेषण आहे, म्हणून 'अमुक यांचे साभार' ही रचना चूक. 'अमुक संग्रहातून साभार' किंवा 'साभार पुनर्मुद्रित' बरोबर.

'सौजन्य' त्याहून जोखमीचा शब्द. 'अमुक यांच्या सौजन्याने' म्हटलं की त्या माणसाने आपल्याला सौजन्य दाखवलं, असं आपण छापून सांगतो. विचारलंच नसेल तर ते विधान खोटं ठरतं. 'छायाचित्र सौजन्य : गूगल' हे तर सर्रास दिसतं. गूगलने चित्र शोधून दिलं. ते काढलं दुसऱ्याच कुणीतरी, आणि हक्क त्याचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा.

'परवानगीने' हा एकच शब्द हक्काबद्दल बोलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात परवानगी आणि नाव देणं या दोन गोष्टींची कलमंही वेगळी आहेत. प्रती काढणं, प्रकाशित करणं, भाषांतर, रूपांतर, जाहीर सादरीकरण हे हक्क कलम १४ मध्ये येतात. कर्ता म्हणून नाव लागण्याचा आणि मजकुराची मोडतोड रोखण्याचा हक्क कलम ५७ मध्ये आहे, आणि बाकीचे हक्क विकले तरी तो लेखकाकडेच राहतो. म्हणून नाव दिल्याने परवानगीची गरज संपत नाही आणि परवानगी मिळाल्याने नाव गाळता येत नाही. स्मरणिका फुकट वाटणार, हा बचावही चालत नाही. कलम ५२ मधली खाजगी वापराची सवलत स्वतःच्या अभ्यासाच्या प्रतीला मिळते, घरोघर वाटलेल्या तीनशे प्रतींना नाही.

त्याच कलमात समीक्षेसाठी वाजवी उद्धरणाची मुभा आहे. कवितेवर लेख लिहून त्यात लागतील तेवढ्या ओळी घेता येतात, आणि अशा ओळींखाली 'साभार' शोभतोही. 'चार ओळींपर्यंत चालतं' असं मात्र कायद्यात कुठेही नाही. किती ओळी घेतल्या आणि कशासाठी, हे पाहिलं जातं. आठ ओळींच्या कवितेतल्या चार म्हणजे अर्धी कविता.

परवानगी कुणाची, हे शीर्षकपानामागच्या पानावर पाहा. © या खुणेपुढे कवीचं नाव असेल तर कवीची, कवी हयात नसेल तर वारसांची. प्रकाशकाचं असेल तर प्रकाशकाची. परवाना कायद्याने लेखी लागतो, फोनवरच्या 'हो, छापा'वर थांबू नका. पत्रात कवितेचं नाव, स्मरणिकेचं नाव, प्रतींची संख्या, एकदाच छापणार की पुन्हाही, आणि मानधन देणार का, हे लिहा. पीडीएफ गटावर फिरणार असेल तर तेही लिहा. नेमकं तेच राहून जातं, आणि छापील प्रतीची परवानगी पीडीएफला आपोआप लागू होत नाही. होकार आला की कवितेखाली कवी, संग्रह, प्रकाशक आणि वर्ष देऊन 'हक्कधारकांच्या परवानगीने पुनर्मुद्रित' असं छापा. त्यापुढे 'साभार' जोडलात तर तोही आता खरा.

कवीला जाऊन बराच काळ लोटला असेल तर आधी वर्ष मोजा. हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरचा हक्क मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं टिकतो. १९९२ च्या दुरुस्तीआधी ही मुदत ५० वर्षांची होती. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं असं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्यासाठी २०५९ च्या अखेरपर्यंत विचारावंच लागेल. खुल्या झालेल्या कवितेचा मजकूर घ्या, पण नव्या आवृत्तीतली चित्रं, टिपा आणि प्रस्तावना सोबत उचलू नका. त्यांची मुदत निराळी चालू असते.