घडाघडा वाचते, पण गोष्ट सांगता येत नाही

"मॅडम, इंग्रजी धडा घडाघडा वाचते. पण काय वाचलंस विचारलं की गप्प. आता घरीसुद्धा इंग्रजीच बोलू का?" घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. ही मुलगी आठ वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी तिला पानभर इंग्रजी गोष्ट दिली. भिजलेलं मांजराचं पिल्लू एक मुलगी दप्तरात लपवून वर्गात नेते, अशी. वाचन सफाईदार. "आता सांग बघू" म्हटल्यावर मात्र, "अ गर्ल. अ कॅट. टीचर केम. फिनिश." मग तेवढीच अवघड दुसरी गोष्ट मी तिला मराठीतून वाचून दाखवली. ती तिने हातवारे करत सांगितली, कोण का पळालं यासकट. वर मलाच विचारलं, "तो मुलगा खोटं बोलत होता ना?"

म्हणजे गोष्ट कळत होती. अडत होतं ते इंग्रजीच्या शब्दसाठ्यात आणि वाक्यरचनेत. वाचनाचे अभ्यासक गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याचं कौशल्य गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार! एक बाजू तोकडी असेल तर दुसरी कितीही वाढवून फारसं हाती लागत नाही. आणि या मुलीचे आईवडील घरी रोज मोठ्याने वाचनच करून घेत होते.

घरातली मराठी बंद करू नका, हे मी आईला स्पष्ट सांगितलं. गोष्टीची बांधणी एका भाषेत पक्की झाली की दुसरीत उपयोगी पडते. शब्द मात्र प्रत्येक भाषेत वेगळे कमवावे लागतात. म्हणून वाचण्याआधी चित्रं बघत मराठीत गप्पा, त्यातच चार-पाच नवे इंग्रजी शब्द. वाचून झाल्यावर गोष्ट आधी मराठीत सांगायची, मग तीच चित्रं समोर ठेवून इंग्रजीत. मधे मराठी शब्द आला तर येऊ द्यायचा. चूक तिथल्या तिथे सुधारायची नाही, हे आईला सगळ्यात जड गेलं!

आणखी एक. गोष्ट आजीला सांगायची, कारण आजीने ती वाचलेली नव्हती. आईला सगळं माहीत असतं, मग मूल कशाला तपशील देईल? आजी खरोखरच विचारायची, "अगं, पण तिने पिल्लू लपवलं कशाला?"

काही महिन्यांनी इंग्रजी सांगण्यात 'बिकॉज' आणि 'बट' आपसूक येऊ लागले. गुण थोडेच वाढले. अभ्यासाची भाषा यायला पाच वर्षं किंवा जास्तही लागतात, बोलण्याची त्यामानाने लवकर येते. वडिलांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

तुमच्या मुलाला मराठीतूनही ऐकलेली गोष्ट सांगता येत नसेल, तर मात्र ही वेगळी बाब आहे. तेव्हा कान तपासून घ्या आणि वाचा-भाषातज्ज्ञांना भेटा. दोन्ही भाषांत तपासणी करा असं त्यांना आवर्जून सांगा.