ब्रिटनसारखी ‘अलिखित’ राज्यघटना असण्याचे फायदे-तोटे काय?

आधी एक दुरुस्ती: ‘अलिखित’ हा शब्द फसवा आहे. ब्रिटनची घटना बहुतांशी लिहिलेलीच आहे, फक्त एका दस्तऐवजात नाही. १६८९चे बिल ऑफ राइट्स, १९११ आणि १९४९चे पार्लमेंट अ‍ॅक्ट, न्यायालयांचे निकाल आणि वर संकेत, म्हणजे रूढ झालेल्या राजकीय प्रथा, असा तो पसारा.

फायदा लवचीकपणाचा. २००५च्या साध्या कायद्याने लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाचे न्यायदानाचे काम काढून सर्वोच्च न्यायालय उभे केले. विशेष बहुमत लागले नाही, सार्वमतही नाही.

तोटाही तिथेच. अविश्वास ठराव सोडला तर मुदतपूर्व निवडणुकीसाठी २०११च्या कायद्याने कनिष्ठ सभागृहात दोन तृतीयांश मतांची अट घातली होती. २०१९ मध्ये तेवढी मते जमेनात, तेव्हा साध्या बहुमताने वेगळा छोटासा कायदा करून निवडणूक घेतली. २०२२ मध्ये मूळ कायदाच रद्द झाला. स्वतःच घातलेले कुंपण संसद हवे तेव्हा ओलांडते!

संकेतांचे दुखणे वेगळे: मोडले तर न्यायालयात दाद नाही. स्कॉटलंडच्या अखत्यारीतल्या विषयांवर कायदा करताना लंडनच्या संसदेने सहसा स्कॉटिश संसदेची संमती घ्यावी, हा संकेत २०१६ मध्ये चक्क कायद्यात लिहिला. तरी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो राजकीय संकेतच ठरवला. ‘सहसा’ या शब्दातच पळवाट होती.