सुरुवात गटारापासून कर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कुर्ल्यातल्या तुझ्या वस्तीत मराठी, उत्तर भारतीय, तमिळ, हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती अशी घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, पण एका गल्लीतलं माणूस दुसऱ्या गल्लीत पाऊल टाकत नाही. म्हणून सर्वधर्म मेळावा घ्यावा का, असं तू विचारलंस. आत्ता घेऊ नकोस. मेळाव्याला पुढच्या रांगेत बसणारे पाच-सात जण एकमेकांना आधीच ओळखतात. ज्यांची ओळख व्हायला हवी, ते त्या वेळी कामावर असतात, नाहीतर पाणी भरत असतात.

भिवंडीचा इतिहास नीट समजून घे, म्हणजे मी असं का म्हणतो ते कळेल. मे १९७०मध्ये तिथे शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४मध्ये गाव पुन्हा पेटलं. हे गाव यंत्रमागाचं. उत्तरेतून आलेले मुस्लिम विणकर, तेलुगू पद्मशाली कामगार, गुजराती-मारवाडी व्यापारी, सगळ्यांचं पोट एकाच धाग्यावर. तरी दंगली झाल्या. म्हणजे नुसती धंद्यातली गाठ पुरत नाही. मालक-कामगार, दुकानदार-गिऱ्हाईक हे नातं व्यवहार संपला की संपतं, आणि रात्री अकरा वाजता अफवा आली तर त्यातला कुणी कुणाला फोन करत नाही. १९८८च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस नियमित भेटू लागले, भांडणं लहान असतानाच मिटवू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं गेली, आणि भिवंडी शांत राहिली. सगळं श्रेय एका गोष्टीला देऊ नये, पण समित्यांचा वाटा मोठा होता. मग १९९४मध्ये माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, शांततेसाठी काम करणाऱ्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी मुंबईत मोहल्ला समितीची चळवळ सुरू केली.

यातून घ्यायचा शब्द एकच, 'नियमित'. सणाच्या आठ दिवस आधी पोलीस ठाण्यात शांतता समिती बसते, ती हवीच. पण वर्षातले उरलेले दिवस मोकळे राहिले, तर त्या बैठकीत माणसं एकमेकांना फक्त संशयित म्हणून भेटतात.

पहिले सहा आठवडे कुठलीही बैठक बोलावू नकोस. वस्ती पायाखालून घाल. साधारण ३०० ते ४०० घरांचा तुकडा निवड, त्याहून मोठा एकट्याला झेपत नाही. जाड पुठ्ठ्याच्या वहीत हाताने नकाशा काढ: नळ, संडास, दिव्याचे खांब, मशीद, मंदिर, बुद्धविहार, मंडळाचं ऑफिस, व्यायामशाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, न्हाव्याचं दुकान, चहाची टपरी. आता प्रत्येक जागेपुढे तिथे कोण कोण येतं ते लिही. ज्या जागी तीन वेगळ्या गल्ल्यांची माणसं थांबतात, तिथे खूण कर. अशा जागा बहुतेक चार-पाचच निघतात, आणि देवळा-मशिदीपेक्षा अंगणवाडी किंवा दवाखान्यात त्या जास्त सापडतात. तू मुलगा आहेस, दुपारी घरात एकटी बाई असताना दारात उभा राहू नकोस. आरोग्य खात्याच्या आशाताई किंवा अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर जा. त्या दर घरात जातात आणि कोणाचं कोणाशी का बिनसलंय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांनी सांगितलेलं वहीत लिहू नकोस. वही कधीतरी दुसऱ्याच्या हाती लागते.

मग पहिलं काम निवड. इथेच बहुतेक तरुण मंडळी चुकतात. त्यांना वाटतं पाण्याचा प्रश्न सगळ्यांचा, म्हणून पाण्यापासून सुरुवात करू. पाणी सगळ्यांचं असलं तरी सारखं मिळत नाही. पुढच्या गल्लीला जोर असतो, मागच्या गल्लीला थेंब येतो, कुणीतरी मोटर लावलेली असते. पहिल्याच बैठकीत 'तुमच्या लोकांनी मोटर लावली' असं वाक्य आलं की तुझं काम दोन वर्षं मागे गेलं. सार्वजनिक संडासही नको, कारण तिथे पैशांचा हिशोब असतो. पहिल्या कामाला तीन कसोट्या लाव: दोन्ही गल्ल्यांना सारखाच त्रास हवा, दोष महापालिकेकडे जाणारा हवा, शेजाऱ्याकडे नको, आणि दोन महिन्यांत निकाल दिसायला हवा. दोन गल्ल्यांमधून वाहणारं तुंबलेलं गटार या तिन्हीत बसतं. बंद पडलेला दिव्याचा खांबही चालेल. गटाराचं काम मार्चमध्ये हाती घे. एप्रिल-मेमध्ये पालिकेची पावसाळ्याआधीची सफाई चालू असते, तेव्हा अर्ज हलतो. जूनमध्ये गेलास तर सगळे पंप आणि पाणी यांच्यामागे धावत असतात.

अर्ज सहायक आयुक्त, एल विभाग (म्हणजे पालिकेचा कुर्ल्याचा विभाग) यांच्या नावे, दोन प्रतींत. एकीवर पोच घे. सह्या गल्लीप्रमाणे घेऊ नकोस, एकाच कागदावर मिसळून घे: शेखच्या खाली कांबळे, कांबळेच्या खाली यादव, त्याखाली डिसूझा. कागद वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून एक गोष्ट कळते, आणि सही करणाऱ्याला दुसरी. पालिकेच्या १९१६ या फोन क्रमांकावर तक्रारही नोंदव आणि तिचा नंबर अर्जावर लिही. कार्यालयात चौघे जा, दोन बाया, दोन पुरुष, वेगवेगळ्या गल्ल्यांचे. दर खेपेला तेच चौघे जायला हवेत. कार्यालयाबाहेरच्या बाकावर दोन तास ताटकळताना शेजारी बसलेल्याच्या मुलाचं दहावीचं काय झालं, सासूचा गुडघा कसा आहे, हे आपोआप कळतं. खरी गाठ तिथे पडते, म्हणून खेपा वाचवायच्या मागे लागू नकोस. आठवड्यात उत्तर आलं नाही तर पुन्हा जा. महिन्यात काहीच हललं नाही तर माहिती अधिकारात अर्जाचं काय झालं ते विचार. त्याचं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. काम झाल्यावर स्थानिक पुढारी फलक लावतील. लावू दे. फक्त तुमच्यातल्या कुणाचा फोटो त्यावर जाऊ नये, नाहीतर बाकीचे लोक गट फुटला असं समजतील.

काम झाल्यावर पंधरा ते वीस जणांची बैठक बसव, त्यात निम्म्या बाया. मशिदीचे विश्वस्त, मंडळाचे अध्यक्ष यांना टाळू नकोस, पण सगळ्या खुर्च्या त्यांच्याच नकोत. ज्यांची पोरं दगड उचलू शकतात, अशा कट्ट्यावरच्या दोघांना घेच. सज्जन माणसांची समिती शांततेत छान चालते आणि गरजेच्या दिवशी उपयोगाची नसते. कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी नको, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरव.

जागा पालिकेच्या शाळेची किंवा बालवाडीची. मंदिराचा सभामंडप नको, मशिदीचा ओटा नको, आणि कुणाच्या घरी तर सुरुवातीला अजिबात नको. बायांना दुपारी तीन ते सव्वाचार सोयीचं पडतं, पुरुषांना रविवारी सकाळी अकरा. शुक्रवारी दुपारी बारा ते अडीच टाळ. रमजानमध्ये संध्याकाळ टाळ. ६ डिसेंबरला बैठक ठेवू नकोस. तुझे बौद्ध शेजारी त्या दिवशी चैत्यभूमीला जातात, आणि मुस्लिम शेजाऱ्यांच्या मनात १९९२ची ६ डिसेंबर असते. खायला चहा, केळी, खारे शेंगदाणे. एवढ्याने कुणाचं अडत नाही. चहाच्या कपांकडे मात्र लक्ष ठेव. एखादी व्यक्ती दर वेळी 'आज उपास आहे' म्हणत कप खाली ठेवत असेल, तर तो उपास नसतो. भेद नुसता धर्माचा नसतो, जातीचा भेद असा गुपचूप कपात बसलेला असतो. त्यावर बैठकीत बोलू नकोस, त्या व्यक्तीला चारचौघांत लाज वाटली तर ती परत येणार नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जा आणि स्पष्ट बोल. चहा करण्याची पाळी गल्लीप्रमाणे फिरती ठेव. त्यावर तडजोड करू नकोस.

आता अफवेबद्दल. हे शांत दिवसांतच बसवावं लागतं. कागदावर फोनची साखळी आख: एकाने चौघांना, त्या चौघांनी प्रत्येकी चौघांना, तिसऱ्या फेरीला ८४ घरं होतात. कागद यासाठी, की तणावात इंटरनेट बंद होऊ शकतं. दर तीन महिन्यांनी 'उद्या पाणी उशिरा येणार' असा साधा निरोप साखळीतून सोडून बघ. कुठे तुटते ते कळेल, बहुतेक बदललेल्या नंबरावर तुटते. अफवा आली की तीन प्रश्न: कुठे झालं, किती वाजता, स्वतः कोणी पाहिलं. 'मामाच्या मित्राने' असं उत्तर आलं तर निरोप तिथेच थांबवायचा. जागेवर दोघांनी जायचं, दोन वेगळ्या समाजांच्या. एकट्याने गेलेल्याचं दुसऱ्या गल्लीत कुणी खरं मानत नाही. खरंच काही घडलं असेल तर आधी पोलिसांना ११२वर फोन, मग साखळी. व्हिडिओ खोटा आहे हे सांगायलासुद्धा तो पुढे पाठवू नये. लोक चित्र बघतात, खालचं वाक्य वाचत नाहीत.

सणांचं बोलणं महिनाभर आधी, नकाशा समोर ठेवून. २०२३मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने सुट्टी २९ला केली. असा निर्णय वरून लादला तर अपमान वाटतो, आपण होऊन घेतला तर मोठेपणा वाटतो. तुझ्या वस्तीत प्रश्न एवढा मोठा नसेल, तो ढोलाचा असेल. मिरवणूक मशिदीसमोर किती वाजता पोचते आणि नमाज किती वाजता आहे, हे मिनिटांत लिहून काढ. मंडळाच्या पोरांशी तू बोलू नकोस, त्यांच्याच थोरल्या भावांना बोलायला लाव. भोंग्यावरून वाद निघाला तर धर्म बाजूला ठेवून २०००चा ध्वनिप्रदूषण नियम सांग: रात्री १० ते सकाळी ६ बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. तो देवळाला, मशिदीला, लग्नाच्या डीजेला सारखाच लागू आहे. आणि हे आपल्या बाजूच्या भोंग्यापासून सांगायला सुरुवात कर.

वस्तीला लागून झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतला विक्रीच्या घरांचा टॉवर उभा राहतोय असं तू लिहिलंस. ती भिंत धर्माच्या भिंतीहून उंच ठरते. तिथेही उपाय तोच, एक सामायिक काम. पण टॉवरवाल्यांना पहिल्या वर्षी बैठकीत बसवू नकोस. ते बोलत राहतील आणि वस्तीतल्या बाया गप्प बसतील.

नकाशा झाला की अर्जाचा मसुदा मला पाठव. वाचून, खुणा करून परत करतो. चौघांची नावं ठरली असतील तर तीही कळव, आणि त्यात कार्यालयात जाऊन न घाबरता बोलणारी कोण आहे तेवढं लिही.

तुझा,
काका